नॅनोसेकंदांची काटकसर

संगणकाच्या रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार. भार असला तर एक, नसला तर शून्य. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्याच सामग्रीत एक बिट मावू शकतो, हे आयबीएममधले अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचले आणि १९६८ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. आज कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या १६ जीबीच्या रॅममध्ये असे १३ हजार ७०० कोटींहून अधिक कपॅसिटर असतात. आकार शेकडो पटींनी आक्रसला, मांडणी मात्र डेनार्ड यांचीच राहिली.

या मांडणीत एक खोट आहे. कपॅसिटरमधला भार हजारोंच्या घरातल्या इलेक्ट्रॉनांचा, आणि तोही सतत झिरपत असतो. म्हणून प्रत्येक ओळ ठरावीक मुदतीत वाचून पुन्हा भरावी लागते. डीडीआर४ च्या मानकाप्रमाणे सगळी रॅम ६४ मिलिसेकंदांत एकदा भरून व्हायला हवी. हे काम ८१९२ हप्त्यांत विभागलेले असते, म्हणजे साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक रीफ्रेश. रॅम तापली की गळती वाढते. ८५ अंश सेल्सिअसच्या वर हीच मुदत निम्मी करावी लागते. रॅमच्या टायमिंगशी खेळताना उष्णता एवढी आडवी का येते, त्याचे मूळ इथे आहे.

भार जसा आपोआप झिरपतो तसा वाचतानाही संपतो. त्यामुळे एकच बिट वाचायचा असला तरी चिप अख्खी ओळ उघडते, तिच्यातला क्षीण भार सेन्स ॲम्प्लिफायरकडे नेते, तो वाढवून ओळखते आणि ओळीत परत लिहिते. तलाठी कार्यालयात एका गटाचा उतारा पाहायचा तर गावाचे दप्तर कपाटातून काढून टेबलावर उघडावे लागते, नोंद वाचावी लागते, आणि दुसऱ्या गावाचे दप्तर काढण्याआधी पहिले जागच्या जागी ठेवावे लागते. रॅमचा कारभार असाच चालतो, आणि टायमिंग म्हणजे त्यातल्या प्रत्येक पायरीसाठी थांबायची किमान मुदत.

रॅमच्या खोक्यावर १६-१८-१८-३८ असे जे चार आकडे छापलेले असतात ते या मुदतींचे. पहिला कॅस लेटन्सी, म्हणजे सीएल: उघडलेल्या ओळीतून अमुक ठिकाणचा डेटा दे, असा आदेश गेल्यापासून डेटा बाहेर पडू लागेपर्यंतचा काळ. दुसरा टीआरसीडी: ओळ उघडण्याचा आदेश आणि वाचण्याचा आदेश यांतले अंतर. तिसरा टीआरपी: जुनी ओळ बंद करून नवी उघडण्याआधीची तयारी. चौथा टीआरएएस: एकदा उघडलेली ओळ किमान किती वेळ उघडी ठेवायची, जेणेकरून भार पुरता परत लिहिला जाईल. हे चार मुख्य. त्यांच्यामागे बायॉसच्या पडद्यावर आणखी दोन-तीन डझन आकडे दडलेले असतात. त्यांतला टीआरएफसी म्हणजे एका रीफ्रेशला लागणारा वेळ, आणि टीआरईएफआय म्हणजे दोन रीफ्रेशमधले अंतर. टीएफएडब्ल्यू किती वेळात जास्तीत जास्त चारच ओळी उघडू द्यायच्या हे ठरवतो, तर टीडब्ल्यूआर लिहून झाल्यावर ओळ बंद करण्याआधीची उसंत देतो.

हे सगळे आकडे क्लॉकच्या ठोक्यांत मोजलेले असतात, सेकंदांत नव्हे. आणि नवख्यांची पहिली गल्लत इथेच होते. 'डीडीआर४-३२००' मधले ३२०० म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष हस्तांतरणे. प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जात असल्याने खरे क्लॉक १६०० मेगाहर्ट्झचे. सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर १६०० दाखवते तेव्हा दुकानदाराने फसवले असे समजून भांडायला जाण्याचे कारण नाही. १६०० मेगाहर्ट्झला एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, म्हणून सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर५-६००० मध्ये सीएल ३० असतो आणि आकडा जवळजवळ दुप्पट दिसतो, पण ठोका ०.३३३ नॅनोसेकंदाचा असल्याने वेळ तोच, १० नॅनोसेकंद. मानकांतले आकडे मागे जाऊन तपासले तर चित्र आणखी बोलके होते. डीडीआर-४०० चा सीएल ३ म्हणजे १५ नॅनोसेकंद, डीडीआर३-१६०० चा सीएल ११ म्हणजे १३.७५, डीडीआर४-३२०० चा सीएल २२ म्हणजे पुन्हा १३.७५, आणि डीडीआर५-४८०० चा सीएल ४० म्हणजे साडेसोळाच्या वर. डेटा वाहून नेण्याचा वेग बारापट झाला. पहिला बिट हाती यायला लागणारा वेळ जिथल्या तिथे राहिला. कपॅसिटर आणि त्याला जोडलेली तार यांच्या भौतिकीला जाहिरातीतल्या मेगाहर्ट्झशी काही देणेघेणे नाही.

मग हे आकडे कमी करायला जागा तरी कुठे उरते? ती जागा खुद्द निर्मात्यांनीच ठेवलेली असते. मानक ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेचे आकडे सगळ्यांत सुमार चिपही सगळ्यांत जास्त तापमानाला निभावून नेईल अशा बेताने आखलेले असतात. बहुतेक चिप त्याहून बऱ्या असतात आणि बहुतेक संगणकांत रॅम ८५ अंशांच्या जवळपासही जात नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन मोठ्या निर्मात्यांची ११५ मॉड्यूल तपासली. ५५ अंश तापमानाला चार महत्त्वाच्या मुदती १७.३ ते ५४.८ टक्क्यांपर्यंत कमी करता आल्या, तेही एकही चूक न होता. टायमिंग आवळण्यातली सगळी कमाई या राखीव जागेतून होते. अर्थात ती जागा प्रत्येक मॉड्यूलमध्ये वेगळी असते, आणि इंटरनेटवर दुसऱ्याने दाखवलेले आकडे आपल्या रॅमला चालतीलच असे नाही, याचेही कारण तेच.

रॅमच्या पट्टीवर एक छोटी एसपीडी चिप असते. तिच्यात जेडेकचे आकडे लिहिलेले असतात आणि संगणक सुरू होताना बायॉस ते वाचून घेते. त्याहून वेगवान, पण निर्मात्याने तपासलेले आकडे त्याच चिपमध्ये ठेवण्याची सोय इंटेलने २००७ मध्ये एक्सएमपी या नावाने आणली. एएमडीची एक्स्पो ही तशीच सोय २०२२ मध्ये आली. या प्रोफाइल आपोआप लागू होत नाहीत, बायॉसमध्ये जाऊन सुरू कराव्या लागतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेऊन जोडलेल्या संगणकात ३६०० ची रॅम वर्षानुवर्षे २४०० किंवा २६६६ वर चालत राहिल्याचे आढळते ते यामुळेच. अशा संगणकाच्या मालकाला टायमिंग आवळण्याच्या कलेची गरज नाही. एक्सएमपी सुरू करणे आणि एक रात्र चाचणी लावणे, एवढ्यात त्याच्या पदरात मिळण्याजोगे बहुतेक सगळे पडते. तरीही एक्सएमपी आणि एक्स्पो हे प्रोसेसर-निर्मात्यांच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे. त्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसेलच असे धरून चालता येत नाही.

प्रोफाइलच्या पुढे जाऊन हाताने आकडे कमी केल्यास किती फरक पडतो? अपेक्षा माफक ठेवावी. रायझन ५००० मालिकेच्या संगणकात प्रोसेसरने मागितलेला डेटा रॅममधून हाती यायला एकूण ६० ते ८० नॅनोसेकंद लागतात. त्यातला मोठा भाग कॅशमधला शोध, प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारे इन्फिनिटी फॅब्रिक आणि मेमरी कंट्रोलर यांत जातो. ३६०० च्या वेगाला सीएल १८ वरून १६ वर आणला तर वाचतो सव्वा नॅनोसेकंदाहूनही कमी काळ. टीआरएफसी आणि टीएफएडब्ल्यूसारखे मागच्या बाकावरचे आकडे पुष्कळदा याहून जास्त देऊन जातात. प्रोसेसरवर ताण असलेल्या गेममध्ये, फाइल कॉम्प्रेस करताना किंवा मोठा कोड कंपाइल करताना काही टक्क्यांचा फरक दिसतो. पत्र टाइप करताना आणि सिनेमा पाहताना काहीच दिसत नाही.

या मोबदल्यात जो धोका पत्करायचा तो नीट समजून घ्यायला हवा. टायमिंग फारच आवळली तर संगणक सुरूच होत नाही, आणि हे त्यातल्या त्यात बरे. निळी स्क्रीन येऊन संगणक रीस्टार्ट झाला तरी निदान काही बिनसले आहे हे कळते. खरे नुकसान करते ती गुपचूप झालेली चूक. लाखो वाचनांत एखाद्या वेळी भार ओळखायला वेळ अपुरा पडतो, एकाचा शून्य होतो, आणि संगणक काहीच न झाल्यासारखा पुढे चालतो. तो बिट फोटोच्या फाइलमध्ये असेल तर रंगीत पट्टा उमटतो, झिप फाइलमध्ये असेल तर ती उघडत नाही, हिशेबाच्या फाइलमध्ये असेल तर आकडा बदलतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एका बिटाची ताकद किती असते याचे बोलके उदाहरण बेल्जियममधले आहे. १८ मे २००३ च्या निवडणुकीत स्कारबेक इथे एका उमेदवाराच्या खात्यात ४०९६ मते जास्त पडली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, नेमका एक बिट उलटल्यावर पडणारा फरक. तज्ज्ञांनी निष्कर्षही तसाच काढला. तिथे कुणी टायमिंगला हात लावला नव्हता. मुळात रॅम निर्दोष नसतेच: गुगलच्या सर्व्हरवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलमध्ये चूक आढळली होती. टायमिंग आवळणे म्हणजे या उपजत दोषात आपल्या हाताने भर घालणे.

मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहिलेली हकीकत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. विंडोज कोसळल्याचे अहवाल तपासताना त्यांच्या एका सहकाऱ्याला असे अहवाल सापडले, ज्यांत प्रोग्रॅम अशा सूचनेवर कोसळला होता जिच्यावर तो कोसळूच शकत नाही. ती सूचना प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये शून्य भरण्याची होती; रॅमशी तिचा संबंध नाही, चुकण्यासारखे तिच्यात काही नाही. चौकशीअंती हे संगणक ओव्हरक्लॉक केलेले निघाले. काही मालकांना तर त्याचा पत्ताही नव्हता. विकणाऱ्याने न सांगता वेग वाढवून दिला होता. इथे दोष प्रोसेसरच्या वेगाचा होता, पण धडा रॅमलाही लागू पडतो: यंत्र मर्यादेबाहेर गेले की चूक कुठल्याही वेशात समोर येते, आणि दोष विंडोजवर, गेमवर नाहीतर व्हायरसवर ढकलला जातो.

म्हणून कामाची सुरुवात बायॉसमध्ये नव्हे, बॅकअपने करावी. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि चाचणी पुरी होईपर्यंत ती डिस्क संगणकाला जोडू नये. जोडलेली राहिली आणि आपोआप बॅकअप चालू असला, तर बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर जाऊन बसते. बायॉस अद्ययावत करायची असेल तर ती आधीच करून घ्यावी, आणि विजेचा भरवसा नसलेल्या गावात यूपीएसशिवाय करू नये. मदरबोर्डच्या पुस्तिकेत सीमॉस क्लिअर करण्याची जागा शोधून ठेवावी. संगणक सुरू होईनासा झाला की वीज तोडून तिथल्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून, किंवा बोर्डावरचा बटणासारखा सेल काही मिनिटे काढून, बायॉस मूळपदावर आणता येते. शेवटी रॅम आहे त्या स्थितीत एकदा तपासावी. मुळातच सदोष पट्टी असेल तर पुढचे सगळे श्रम पाण्यात जातात.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्यांचा डीडीआर४-३६०० संच, १८-२२-२२-४२, १.३५ व्होल्ट. दोन्ही पट्ट्या एकाच खोक्यातल्या असणे महत्त्वाचे. आपल्याकडे आधी एक पट्टी घेऊन वर्षभराने दुसरी बसवण्याची पद्धत आहे. पण मॉडेल क्रमांक तोच असला तरी आतल्या चिप बदललेल्या असू शकतात, आणि मग दोघींत जी दुबळी तिच्या चालीने दोघींना चालावे लागते. पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. एक्सएमपी सुरू केल्यावर मेमरी क्लॉक १८०० मेगाहर्ट्झ होते. इन्फिनिटी फॅब्रिकही १८०० वरच आहे ना, हे पाहावे. दोघांचा ताल जुळला नाही तर टायमिंग आवळून मिळेल त्याहून जास्त तिथेच गमावले जाते. झेनटायमिंग्ज हे छोटे सॉफ्टवेअर विंडोजमध्ये सगळे चालू आकडे एका खिडकीत दाखवते. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा. हा परतीचा मुक्काम.

मग एका वेळी एकच आकडा. हा नियम कंटाळवाणा आहे आणि घाईत तोच पहिल्यांदा मोडला जातो. चार आकडे एकदम बदलले आणि एरर आली, तर गुन्हेगार शोधायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आधी सीएल १८ वरून १६. गिअर डाउन मोड हा बायॉसमधला पर्याय चालू असताना विषम सीएल चालत नाही, तो आपोआप सम केला जातो, म्हणून १७ च्या वाटेला जाऊ नये. सीएल हा व्होल्टेजला प्रतिसाद देणारा आकडा आहे, १.३५ व्होल्टला एरर येत असेल तर १.४० ला निभतो का हे पाहता येते. टीआरसीडीचे तसे नाही. बहुतेक चिपमध्ये तो व्होल्टेज वाढवूनही फारसा हलत नाही. २२ चा २१, जमल्यास २०, आणि तिथे हट्ट सोडून द्यावा. सॅमसंगची बी-डाय ही चिप एवढी गाजली ती याच कारणाने, की तिच्यात सीएलबरोबर टीआरसीडीही खाली येत असे. टीआरपी टीआरसीडीच्या बरोबरीने ठेवावा. टीआरएएस फार खाली नेण्यात लाभ नाही. सीएल आणि टीआरसीडी यांच्या बेरजेच्या आसपास तो राहू द्यावा. टीआरआरडीचे, म्हणजे एक ओळ उघडल्यापासून दुसरी उघडेपर्यंतच्या किमान अंतराचे, दोन्ही आकडे एकेकाने उतरवावेत आणि टीएफएडब्ल्यू लहान टीआरआरडीच्या चौपट ठेवावा. त्याहून कमी केल्याने काही मिळत नाही.

खरी कमाई टीआरएफसीत आहे. आठ गिगाबिटच्या डीडीआर४ चिपसाठी जेडेकचा आकडा ३५० नॅनोसेकंद, म्हणजे या वेगाला ६३० ठोके. दर ७.८ मायक्रोसेकंदातले ०.३५ मायक्रोसेकंद रॅम रीफ्रेशमध्ये अडकलेली असते. म्हणजे साडेचार टक्के वेळ ती कुणाच्या कामाची नसते. इथे वीस-तीस ठोक्यांनी खाली येत जावे आणि दर टप्प्यावर थोडी चाचणी घ्यावी. ५६० ला ३११ नॅनोसेकंद होतात, ५०० ला २७८. चिप कोणती यावर तळ अवलंबून असतो. टीआरएफसी मर्यादेखाली गेला की संगणक सुरू होतो, तासभर नीट चालतो आणि रॅम गरम झाल्यावर चुका करू लागतो. म्हणून जिथे पहिली एरर आली त्याच्या जेमतेम वर थांबू नये, चांगले अंतर राखून थांबावे.

ज्या बोर्डांवर टीआरईएफआय बदलता येतो, तिथे तो वाढवत न्यायचा असतो: रीफ्रेश जितके विरळ, तितका रॅमला कामासाठी जास्त वेळ. ६५५३५ हा आकडा त्यासाठी लोकप्रिय आहे. ३६०० च्या वेगाला मूळ मुदत सुमारे १४ हजार ठोक्यांची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उडी केवढी मोठी आहे हे कळते. उष्णतेचा धोका आहेच, शिवाय दुसराही आहे. २०१४ मध्ये कार्नेगी मेलनच्याच संशोधकांनी दाखवून दिले, की एकच ओळ पुन्हा पुन्हा उघडत राहिल्यास शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. तपासलेल्या १२९ पैकी ११० मॉड्यूलमध्ये हे घडले. रोहॅमर नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दोषावरचा एक साधा उपाय रीफ्रेश वारंवार करणे हा आहे. टीआरईएफआय वाढवणारा नेमका उलट्या दिशेने जातो. बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकात तो मूळ मुदतीवरच राहू द्यावा.

व्होल्टेजबाबत मात्र कसलाच मुलाहिजा नको. टायमिंग चुकली तर फाइल बिघडते, व्होल्टेज चुकले तर वस्तू जळते. डीडीआर४ चे मानक व्होल्टेज १.२, एक्सएमपीचे सहसा १.३५. मानकातली कमाल मर्यादा १.५ व्होल्ट आहे. तिच्या जवळ जाण्याचे घरगुती वापरात प्रयोजन नाही, १.४० पुष्कळ झाले. डीडीआर५ चे मानक १.१ व्होल्ट, आणि तिथे व्होल्टेजचे नियमन करणारी चिप पट्टीवरच असते. पण रॅमखेरीज प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरलाही व्होल्टेज (एसओसी व्होल्टेज) लागते, आणि ते 'ऑटो' वर सोडले की बोर्ड आपल्या मर्जीने वाढवतो. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेचे काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. एक्स्पो सुरू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त चढवत होते. त्यानंतर एएमडीने बायॉसमधून ही मर्यादा १.३ व्होल्टवर बांधून टाकली. तेव्हा एक्सएमपी किंवा एक्स्पो लावल्यावर एसओसी व्होल्टेजचा आकडा डोळ्यांनी पाहावा आणि शक्यतो स्वतः लिहून पक्का करावा.

आता चाचणी. विंडोज सुरू झाले आणि गेम चालला याला स्थैर्य म्हणत नाहीत. पहिली पायरी विंडोजच्या बाहेरची: मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून सुरू करायचा. मूळ मेमटेस्ट८६ क्रिस ब्रॅडी यांनी १९९० च्या दशकात लिहिले. ते आणि त्यातून निघालेले हे मुक्त सॉफ्टवेअर दोन्ही आजही चालू आहेत. ते रॅमच्या प्रत्येक पत्त्यावर शून्य, एक आणि त्यांच्या वेगवेगळ्या नक्ष्या लिहून परत वाचते; एका चाचणीत लिहून झाल्यावर मुद्दाम काही मिनिटे थांबते आणि भार झिरपला का ते पाहते. आवळलेली टायमिंग याच पायरीला नापास होत असेल तर विंडोज चालू करण्याचे धाडस करू नये, कारण विंडोजच्या फाइलीच बिघडतात. मात्र मेमटेस्टमध्ये पास होणे पुरेसे नाही. सदोष चिप ते अचूक पकडते, पण प्रोसेसर आणि रॅम दोघांनाही एकदम तापवत नाही, त्यामुळे काठावरची टायमिंग त्यातून सुटून जाते.

म्हणून दुसरी पायरी विंडोजमधली. टेस्टमेम५ हे चिमुकले, मोफत सॉफ्टवेअर यासाठी सर्वाधिक वापरले जाते. त्याबरोबर अंता७७७ या टोपणनावाच्या जाणकाराने तयार केलेली 'एक्स्ट्रीम' ही चाचण्यांची मांडणी घ्यावी. कारहू हे विकत मिळणारे सॉफ्टवेअर रॅम किती पट तपासून झाली ते टक्क्यांत दाखवते. लिनक्सवर गुगलचे स्ट्रेसॲपटेस्ट आहे. त्यानंतर हिशेबाच्या वाटेने जाणाऱ्या चाचण्या: वाय-क्रंचर, जे पायची अब्जावधी स्थाने काढण्यासाठी वापरले जाते, आणि प्राइम९५, जे प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी. प्राइम९५ चे गुणाकार दशांश-अपूर्णांकांतून होतात आणि उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यावे लागते. ते ०.४ हून अधिक दूर पडले की प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि हार्डवेअर चुकत असल्याचे सांगतो. 'लार्ज एफएफटी' निवडल्यास रॅमवर आणि कंट्रोलरवर एकदम ताण येतो.

या सगळ्यांत उत्तीर्ण होण्याची अट एकच: शून्य एरर. आठ तासांत एकच आली, चालवून घेऊ, असे चालत नाही. चाचणी लांब का ठेवायची, याचे उत्तर संख्याशास्त्रात आहे. अमुक इतक्या तासांत एकही चूक झाली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की ताशी चुकांचे सरासरी प्रमाण तीन भागिले तेवढे तास याहून कमी आहे. आठ तासांची स्वच्छ चाचणी म्हणजे अशा ताणाखाली दोन तास चाळीस मिनिटांत एकाहून कमी चूक, एवढीच हमी. रोजचे काम चाचणीइतके कठोर नसते म्हणून ही हमी व्यवहारात पुरते; पण वीस मिनिटांच्या चाचणीवर शिक्कामोर्तब करणारा स्वतःला किती फसवत असतो, हे यावरून कळते. एरर कधी येते यावरही लक्ष ठेवावे. पहिल्या मिनिटात आली तर सहसा मुख्य टायमिंग किंवा व्होल्टेज अपुरे असते; तासाभराने, रॅम तापल्यावर आली तर संशय टीआरएफसी आणि टीआरईएफआयवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या नोंदी दिसू लागल्या तर दोष बहुधा रॅममध्ये नसून इन्फिनिटी फॅब्रिकच्या वेगात असतो.

एक चाचणी बहुतेक जण विसरतात. संगणक सुरू होताना बोर्ड रॅमशी संवादाची सूक्ष्म जुळणी करून घेतो आणि ती दर वेळी थोडी वेगळी पडू शकते. रात्रभर पास झालेली टायमिंग सकाळी थंड संगणकात सुरूच होत नाही, असे त्यामुळे घडते. संगणक पूर्ण बंद करून, प्लग काढून, काही वेळाने पुन्हा सुरू करावा. असे तीन-चार वेळा करावे आणि एकदा स्लीपमधून उठवूनही पाहावे.

डीडीआर५ मध्ये चिपच्या आतच चूक सुधारण्याची सोय असते: १२८ बिटांमागे ८ जादा बिट, त्यांवरून एक बिट दुरुस्त होतो. ही सोय वाढत्या घनतेच्या चिपमधले दुबळे कपॅसिटर सांभाळून घेण्यासाठी आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही, आणि आतली दुरुस्ती घरगुती संगणकात वापरणाऱ्याला कळवली जात नाही. सर्व्हरमधल्या ईसीसी रॅमची जागा ती घेऊ शकत नाही. ज्या संगणकावर दुकानाचा हिशेब, दवाखान्याच्या नोंदी किंवा कुणाचा प्रबंध आहे, तिथे टायमिंग आवळू नये. तिथे ईसीसी रॅम घ्यावी, नाहीतर जेडेकच्या आकड्यांवर निमूट चालावे.

बाकीच्यांसाठी शेवटचे काम वहीचे. पास झालेले सगळे आकडे आणि व्होल्टेज लिहून ठेवावेत, कारण बायॉस अद्ययावत केली की बहुधा ते पुसले जातात आणि कधी कधी नव्या बायॉसवर जुने आकडे चालतही नाहीत. आणि चाचणी कोणत्या महिन्यात झाली तेही लिहावे. डिसेंबरात पुण्याच्या खोलीत १८ अंशांना पास झालेली रॅम मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी, ग्राफिक्स कार्डाची गरम हवा अंगावर घेत, त्याच आकड्यांवर टिकेल असे गृहीत धरू नये. उन्हाळा लागला की एका दुपारी, पंखा आणि कूलर नेहमीसारखे ठेवून, टेस्टमेम५ पुन्हा लावावे. एरर आली तर टीआरएफसी पन्नासेक ठोक्यांनी वाढवून पाहावा. तरीही आली तर एक्सएमपीच्या मूळ आकड्यांवर परत यावे.